निकासिओबाबाचा उलटा ठसा

ताकुआरेंबोच्या माळावर मंत्रानं जनावरं बरी करणारा निकासिओबाबा आला की तीन कोसांवरची माणसं घोडी दामटत यायची. त्या रविवारीही फिलोमेनाच्या कुंपणाला वीसेक घोडी बांधलेली. सगळ्यांचे डोळे तिच्या शिंगरावर. आठ दिवसांचं पोर, आणि बेंबीत किडे पडलेले.

बाबानं वाकून जखम अगदी जवळून न्याहाळली. मग ओल्या मातीतला शिंगराच्या खुराचा ठसा सुऱ्यानं कापून काढला, काहीतरी पुटपुटला आणि ढेकूळ पालथं घातलं.

"गुरुवारी किडे आपोआप गळतील! औषध लावाल तर ठसा रुसेल."

"रुसेल?" शाळेच्या देल्मिराबाई म्हणाल्या. "फिलोमेनाताई, गुरुवारपर्यंत त्याचं पोट पोखरलं जाईल. आत्ता काढू या."

"बाई, तुम्ही पोरांना पाढे शिकवा!" फिलोमेना फणकारली. म्हाताऱ्या घोडीचं हे शेवटचं पिल्लू. बाबाला दुखवायची तिची छाती नव्हती.

"बरं, मला चार किडे तरी नेऊ द्या."

"न्या. कालवण करा त्यांचं!"

बाईंनी बरणीत माती घातली, वर ताज्या मांसाचा तुकडा आणि त्यावर किडे ठेवले.

गुरुवारी पुन्हा सगळे जमले, आणि किडे खरंच गळू लागले. टोप्या हवेत उडाल्या. बाबा मिशीत हसला. तेवढ्यात बाईंनी बरणी पुढे केली. मांसावर एकही किडा नव्हता. चारही मातीत शिरले होते.

"माझा मंत्र तिथवर पोचला!" बाबा गरजला.

फिलोमेनानं बरणी उचलून बुडाखाली पाहिलं. "हिला खूर कुठंय रे, निकासिओ? कुणाचा ठसा पालथा घातलास?"

कुंपणाला बांधलेली घोडीसुद्धा बुजली, असा हशा पिकला.

"पोट भरलं की किडे मातीत उतरतात आणि त्यांच्या माशा होतात," बाई म्हणाल्या. "बाबा आधी किडा केवढा झालाय ते बघतो, मग वार सांगतो. आणि हे बघा." जखमेच्या कडेला माशीची ताजी पांढरी अंडी होती. शिंगरू मान टाकून पडलं होतं.

फिलोमेनाचा चेहरा उतरला. "काढा, बाई. मी धरते त्याला."

उरलेले किडे चिमट्यानं वेचले, जखम धुतली, औषध भरलं, पट्टी बांधली. रोज तेच. चौथ्या दिवशी शिंगरानं आईच्या सडांना अशी ढुशी मारली की म्हातारी घोडी खेकसली. फिलोमेना हसली आणि रडलीही.

माशीला मंत्र कळत नाही. शिंगरू जन्मलं की नाळेला आयोडीन लावा, जखम रोज पाहा. आणि किडे गळायची वाट बघा म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: तोवर ते खातात काय?