पाच थांबलेली घड्याळं

पहिल्या पाळीवरून येऊन तेजश्रीनं चहा टाकला तेव्हा तिचे वडील काशीराम सालेकर दाराशी बसून होते. दोन दिवसांपूर्वी ते उमरठहून बिरवाडीला लेकीच्या भाड्याच्या खोलीवर आले होते. गावात फोनला रेंज धड मिळत नाही, आणि बायको कॅनडाला पोचल्याची खबर त्यांना पहिल्या झटक्यात हवी होती. सुंदराबाई जन्मात पहिल्यांदा विमानात बसल्या होत्या, त्याही एकट्या. मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून टोरांटो. तिथं मुलगा मुरारी विमानतळावर घ्यायला येणार होता.

दुपारी साडेतीनलाच तेजश्रीला मोबाईलवर कळलं होतं की टोरांटोला बर्फाचं वादळ आहे आणि विमान अलीकडेच, पूर्व किनाऱ्यावरच्या हार्विक नावाच्या गावच्या विमानतळावर उतरवलंय. तिनं मुरारीला फोन लावला. लागला नाही. त्याची बायको मानसी म्हणाली की तो पहाटेच गाडी घेऊन निघाला, महामार्ग बंद झालाय, आणि मधेच कुठं अडकलाय कोण जाणे. काळजीचं काही नाही, विमान उतरलंय ना, असं दोघींनी एकमेकींना सांगितलं.

पावणेपाचला आईचा फोन आला.

"तेजू, मी वाट चुकलेय गो," सुंदराबाई म्हणाल्या. आवाज घुमत होता. "संडास शोधाया गेले. एक दार ढकललं, ते मागं लागलं. आता उघडत नाय."

तेजश्रीनं विचारलं की आजूबाजूला कोण आहे. कुणीच नव्हतं. सगळे प्रवासी एका मोठ्या खोलीत बसवले होते, पोलिसासारखी माणसं येऊन कागद बघणार होती, तोवर कुणी हलायचं नव्हतं. शेजारची लुधियान्याची बाई पिशवी सांभाळते म्हणाली, म्हणून सुंदराबाई पिशवी तिच्यापाशी ठेवून उठल्या. फोन तेवढा कमरेच्या बटव्यात होता. साधा, बटणांचा. मुरारीनं त्यात परदेशात चालणारा पॅक मारून दिला होता.

"बरं, घाबरू नको. दार वाजव, कोणीतरी येईल."

"वाजवलं गो. हात दुखून आला." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तेजू, मला घाम फुटलाय. इथं थंडी हाय आणि मला घाम येतोय."

तेजश्रीच्या हातातला कप तिथंच राहिला. सुंदराबाईंना सहा वर्षं साखरेचा आजार होता आणि दोन वर्षं इंजेक्शन चालू होतं. तिनं विचारलं, इंजेक्शन कधी घेतलं? विमानात नाश्त्याच्या गाड्या निघाल्या तेव्हा, आई म्हणाली. पण लगेच विमान हादरायला लागलं, गाड्या परत गेल्या, आणि त्यानंतर खायला कुणी काही दिलंच नाही. बिस्किटं आणि साखरेची पुडी पिशवीत होती. पिशवी लुधियान्याच्या बाईपाशी.

इंजेक्शन घेऊन दोन तास होत आले होते. तेजश्री औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत होती. रिकाम्या पोटी त्या औषधानं रक्तातली साखर कुठवर खाली जाते आणि मग माणसाचं काय होतं, हे तिला नीट माहीत होतं. नसतं तर बरं झालं असतं, असं तिला त्या क्षणी वाटलं.

तिनं फोन वडलांच्या हातात दिला. "बाबा, आईशी बोलत राहा. तिला झोपू द्यायचं नाही. काय वाट्टेल ते बोला." आणि ती शेजारच्या खोलीकडे धावली. तिथं राहणाऱ्या किशोरचा भाऊ दुबईला असल्यानं त्याच्या फोनवर परदेशी कॉल लागायचे. किशोर रात्रपाळीसाठी झोपला होता. त्यानं एक शब्द न विचारता फोन दिला, तिच्या मागोमाग खोलीवर आला आणि आपला दुसरा मोबाईल इंटरनेट लावून तिच्यासमोर धरला.

हार्विक विमानतळाच्या संकेतस्थळावरचा नंबर लागला. पलीकडच्या बाईनं सगळं ऐकून घेतलं, नाव विचारलं, वय विचारलं, लगेच प्रथमोपचाराची माणसं पाठवते म्हणाली. तीन-चार मिनिटांनी तीच बाई पुन्हा बोलायला आली. प्रवाशांच्या खोलीत नावानं पुकारा केला. आई नाहीत. एका बाईकडे त्यांची पिशवी मिळाली. सगळी स्वच्छतागृहं बघितली, तिथंही नाहीत. त्या नेमक्या कुठे आहेत ते सांगता येईल का?

तेजश्रीनं किशोरच्या मोबाईलवर विमानतळाचा नकाशा उघडला. छोटा विमानतळ, पण सोयी सगळ्या होत्या. तळमजल्यावर दोन कॅफे, मुलांची खेळायची जागा, प्रार्थनेची शांत खोली, भाड्याच्या गाड्यांच्या खिडक्या. वरच्या मजल्यावर सहा दारं विमानात चढायची. हृदय बंद पडलं तर वापरायची यंत्रं कुठं कुठं लावलीत त्याच्यासुद्धा खुणा होत्या.

"बाबा, तिला विचारा, जमिनीवर गालिचा आहे का?"

काशीरामांनी विचारलं. "नाय म्हणते. फरशी हाय. बारीक बारीक खड्यांची."

"दुकानं आहेत? खायच्या वस्तूंचं काचेचं मशीन?"

"काय नाय. खुर्च्या हायेत म्हणते, लालभडक. निस्त्या खुर्च्या. शिवथरच्या घळीवानी घुमतंय म्हणते."

नकाशासोबतच्या फोटोंत सगळीकडे गालिचा होता. फोटोतल्या खुर्च्या राखाडी होत्या. तेजश्रीनं हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा बाई गोंधळली. आमच्याकडे लाल खुर्च्या कुठेच नाहीत, ती म्हणाली. आई इमारतीबाहेर, मालगोदामाकडे तर गेल्या नसतील? बाहेर उणे अठरा आहे. एक तुकडी तिकडे पाठवते.

"नको," तेजश्री म्हणाली. पण का नको, ते तिला सांगता येईना. तुकडी गेली.

तिची बोटं मोबाईलवर फिरत होती. नकाशा, पार्किंग, विमानांच्या वेळा, नोकरीच्या जाहिराती. तळाला एक ओळ होती, विमानतळाचा इतिहास. ती एरवी कुणी उघडली नसती. तिनं उघडली.

हार्विकचा तळ महायुद्धात जंगल तोडून बांधलेला होता. युरोपात लढायला जाणारी विमानं इथून समुद्रावर निघायची. युद्ध संपल्यावर प्रवासी विमानं येऊ लागली, कारण त्या काळातल्या विमानांना एका दमात समुद्र ओलांडता येत नसे; तेल भरायला प्रत्येकाला इथं उतरावंच लागायचं. मग उतरलेल्या माणसांना बसायला १९५८ मध्ये एक भव्य आंतरराष्ट्रीय दालन बांधलं. पुढं लांब पल्ल्याची जेट विमानं आली, आणि हार्विकला कुणी थांबेना. नवी इमारत जुन्या दालनाला खेटूनच उभी राहिली. दालन मात्र पाडलं नाही. दुरुस्ती होईपर्यंत बंद ठेवलं होतं.

खाली एक जुना रंगीत फोटो होता. खड्यांची फरशी. लाल खुर्च्यांच्या रांगा. मागच्या भिंतीवर ओळीनं मोठी घड्याळं, जगातल्या वेगवेगळ्या शहरांची वेळ दाखवणारी.

"बाबा, भिंतीवर घड्याळं आहेत का विचारा. लवकर."

काशीरामांनी विचारलं. पलीकडून उशिरा उत्तर आलं. त्यांनी फोन जरा लांब धरला, म्हणजे लेकीलाही ऐकू यावं.

"घड्याळं... हायेत. समदी बंद."

"किती आहेत गं?" तेजश्री ओरडली.

"एक... दोन... चार. नाय. मला मोजाया येत नाय गो. ती हलतायत."

तेजश्रीनं फोटोतली घड्याळं मोजली. पाच होती. तिनं दुसऱ्या फोनवर सांगितलं, "ती जुन्या दालनात आहे. लाल खुर्च्या, बंद पडलेली घड्याळं. तुमच्या जुन्या आंतरराष्ट्रीय दालनात."

ते शक्य नाही, बाई म्हणाली. ते दालन कुलूपबंद असतं.

"मी तुमचा विमानतळ कधी बघितलेला नाही," तेजश्री म्हणाली. "माझ्या आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. मला ते दालन आत्ता तुमच्या जुन्या फोटोत दिसलं. मग तिला त्या लाल खुर्च्या कुठून माहीत?"

मग बाई फोन तसाच ठेवून कुणाशी तरी भराभर बोलू लागली. जिन्याखालून दालनाकडे जाणाऱ्या, आगीच्या वेळी वापरायच्या दाराची कडी बिघडलीय, एवढं तेजश्रीला कळलं. दालनाच्या किल्ल्या देखभालवाल्याकडे होत्या आणि तो धावपट्टीवरचा बर्फ काढायला गेला होता. त्याला बोलावत होते.

इकडे काशीराम बोलत होते. फोनवर 'बरं हाय' आणि 'ठेवतो' यापलीकडे हा माणूस कधी बोलला नव्हता. तेजश्रीनं बघितलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"पऱ्याच्या पाण्यापासून वर घरं सांग मला. पयलं कोणाचं?"

"चांगूचं," सुंदराबाई म्हणाल्या.

"मग?"

"बयाबाईचं. मग... धोंडूभावजींचं."

"त्याच्या वरतीक?"

"आईचं."

काशीरामांनी डोळे उघडले. सुंदराबाईंचं माहेर उमरठला नव्हतं, आणि आईला जाऊन वीस वर्षं झाली होती.

"आये, मला भूक लागली," पलीकडून आवाज आला. लहान पोरीचा असावा तसा.

तेजश्रीला कळलं की आता मिनिटं मोजायची वेळ आली. दुसऱ्या फोनवरची बाई परत आली होती. माणसं आत शिरतायत, पण दालन फार मोठं आहे, मधे फळ्यांच्या भिंती घातल्यात, दिव्यांची वीज तोडलीय, काचांतून येईल तेवढाच उजेड. आईंना काहीतरी आवाज करायला सांगा.

तेजश्रीनं ते सांगितलं. काशीरामांनी फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

"सुंदरा," ते म्हणाले. लेकीसमोर त्यांनी बायकोला नावानं कधी हाक मारली नव्हती. "आयेला हाक मारू नको. मी बोलतोय. तुझ्या हातात बांगड्या हायेत ना? हात खुर्चीवर आपट. दांडीवर. फुटू देत. आपट."

काही झालं नाही. त्यांनी परत सांगितलं. आणि परत. आवाज न चढवता, गुरांना पाण्यावर नेताना बोलावं तसं.

मग बारीक किणकिण ऐकू आली. थांबली. पुन्हा आली. बांगडी फुटल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर नुसता हात लोखंडावर पडत होता, धप, धप, मधलं अंतर वाढत चाललेलं. एकदा इतका वेळ गेला की किशोर उठून दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

लांबून पुरुषाचा आवाज आला. इंग्रजी. दुसरा आवाज. धावणारे जड बूट. मग फोन कुठंतरी पडला असावा. खरखर, कुणाचं तरी हळू बोलणं, डब्याचं झाकण उघडल्यासारखं काहीतरी. काशीराम फोन कानाला लावून तसेच बसून होते. सापडल्या, असं दुसऱ्या फोनवरची बाई म्हणाली. शुद्धीत आहेत, तोंडानं साखर घेतायत.

वीस मिनिटांनी सुंदराबाईंचा आवाज आला. थकलेला, पण त्यांचाच. "आवो, हातात सुई टोचलीय माझ्या," त्या म्हणाल्या. "आणि एवढं गोड पाजलं की मळमळतंय. तुमी जेवलात का?"

"जेवतो," काशीराम म्हणाले.

सातला मुरारीचा फोन आला. तो एका पेट्रोलपंपावर बर्फात अडकला होता, आणि सगळं ऐकून रडायला लागला. तेजश्रीनंच त्याची समजूत काढली. फोन ठेवल्यावर मात्र पिठलं ढवळताना तिच्या हातातली पळी दोनदा खाली पडली.

काशीरामांनी ताटाकडे बघितलं, पण हात लावला नाही.

"मुरारी दोघांची तिकिटं काढतो म्हणलेला," ते म्हणाले. "मीच नाय म्हणलं. म्हशी कोण बघंल, असं सांगितलं. म्हशी शेजारच्या हैबतीनं बघितल्या असत्या. मला विमानाची भीती वाटली, तेजू. तिला पण वाटत व्हती. तिनं कोणाला सांगितलं नाय, आणि गेली."

तेजश्रीनं भाकरी मोडून त्यांच्या ताटात ठेवली. तेव्हा ते जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुंदराबाईंनी फोन केला. रात्री हार्विकच्या दवाखान्यात ठेवलं होतं, आता विमान निघणार होतं. लुधियान्याची बाई रात्रभर त्यांच्यापाशी होती आणि तिच्याच मार्फत त्यांना कळलं होतं की त्यांना शोधून काढणारा माणूस, विमानतळावरचा एक म्हातारा बंबवाला, त्या बंद दालनात लहानपणी रोज यायचा. त्याची आई तिथं फरशी पुसायची.

"माझ्या फुटक्या बांगड्या येचून कागदात बांधून दिल्या त्यानं," सुंदराबाई म्हणाल्या. "काय करायच्या आता त्या? पण घेतल्या मी. त्याला बरं वाटलं."