बिनविजेचा संगणक

सोसायटीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर एक भलामोठा काळा संगणक चालू होता आणि त्याची भिंतीत खोचायची वायर, सर्वांना नीट दिसावी अशा बेताने, तबकात वेटोळे करून ठेवली होती. संगणकाच्या माथ्यावर एक करडा दगड. जमलेल्यांत निम्मे तरी पदवीधर असावेत; पदवीचा आणि विचारशक्तीचा संबंध किती क्षीण असतो, हे तेथे उघड्या डोळ्यांनी पाहता येत होते.

"ना पंखा, ना आवाज, ना उष्णता!" ऊर्जागुरू गरजले. "यंत्र समाधीत गेलंय! विश्वाची स्पंदनं दगडातून थेट उतरताहेत. एवढं धूड चालतं, तर तुमच्या घरातलं काय चालणार नाही?"

पहिल्या रांगेत तिसऱ्या मजल्यावरची सून हात जोडून बसली होती. शेजारी चाकांच्या खुर्चीत, मांडीवर प्राणवायूचे नळकांडे घेतलेले सासरे. घरी ते प्राणवायूच्या यंत्रावर असत आणि वीज गेली की ते यंत्र इन्व्हर्टरवर चाले. मात्र घरात साठवलेली वीज असली की दगडाची स्पंदने म्हणे बिथरतात. म्हणून असाच एक दगड घरात आणायचा आणि इन्व्हर्टर आज संध्याकाळीच घराबाहेर काढायचा, असे ठरले होते.

सासऱ्यांची मुलगी विज्ञानाची शिक्षिका. ती उठली. "या दगडावर इस्त्री चालवून दाखवा."

"इस्त्री तामसी असते."

"मग पेटी उघडा."

"शक्ती उडून जाईल!"

"वन्सं, नको हो," सून कळवळली. "बाबांसाठीच चाललंय ना हे सगळं!"

सासऱ्यांनी नाकातली नळी सावरली. "अगं, शक्ती उडाली तर उडू दे. वीज गेल्यावर मी उडालो म्हणजे?"

शिक्षिकेने मंचावर जाऊन झाकण ओढले. पेटी जवळजवळ रिकामी होती. तळाशी तळहाताएवढा सर्किट बोर्ड, शेजारी विटेएवढी बॅटरी. पडद्याची वायरही तिलाच जोडलेली.

"ते... ते शक्तीचं आसन आहे!" गुरू म्हणाले.

तिने आसन उपटले. पडदा काळा झाला. दगड जागच्या जागी होता.

"पण वन्सं, चालत तर होता ना?" सुनेने पुटपुटत विचारले.

"चालणारच. पत्र लिहायला, सिनेमा बघायला पुरेल असा प्रोसेसर आता एखाद्या दिव्याइतक्या विजेवर चालतो. तापतच नाही, मग पंखा कशाला? तुम्ही पेटीच्या आकारावरून वीज मोजलीत. बाबांच्या यंत्राला याच्या कितीतरी पट वीज लागते. ती दगड देणार?"

सुनेने तिथूनच फोन लावला. "इन्व्हर्टर न्यायला येऊ नका," एवढे बोलून तिने सासऱ्यांचा हात घट्ट धरला.

यंत्राची भूक कमी करण्यासाठी असंख्य माणसांनी वर्षानुवर्षे डोके झिजवले. त्या श्रमांचे श्रेय एका भामट्याने दगडाच्या नावावर लाटले आणि सुशिक्षितांनी टाळ्या वाजवल्या. वाचकहो, हात जोडायची घाई करू नका. आधी झाकण उघडायला सांगा. नकार मिळाला, तर आपल्या माणसांना घेऊन तेथून उठा.