तेरवीच्या पत्रिकेतली ओळ

कौसल्या जाऊन नऊ दिवस झाले, तेव्हा तेरवीच्या पत्रिका छापायला मी दारव्ह्याला गेलो. सोबत तिची मोठी बहीण हंसाबाई होती. मजकूर तिनंच लिहून आणला होता. प्रेसवाल्या तारिकनं तो कॉम्प्युटरवर घेतला आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

‘माझी पत्नी सौ. कौसल्या हिला देवाज्ञा झाली.’

"हे काढ," मी म्हणालो.

"चाचा, हे तं समद्याच पत्रिकेत असते."

"कोनं देल्ली आज्ञा? तीन दिवस मी तिच्या उशाशी बसून होतो. मले तं कोनी आज्ञा देताना दिसलं नाई."

आम्ही दोघं दुसऱ्यांच्या शेतात कपाशी फवारायला जायचो. पंप माझ्या पाठीवर. पाणी आणणं आणि ड्रममध्ये औषध कालवणं तिच्याकडे. त्या वर्षी बोंडअळी कशानंच मरेना, म्हणून दोन औषधं एकत्र करायची, वर तिसरी पावडर. काडीनं ढवळलं की पावडरीच्या गुठळ्या राहायच्या, पंपाचं तोंड तुंबायचं आणि मी तिच्यावर ओरडायचो. मग ती हातच घालायची, कोपरापर्यंत. मी रोज पाहायचो. एक दिवसही नको म्हणालो नाही.

असंच एक दिवस फवारून आलो आणि संध्याकाळी तिला उलट्या लागल्या. औषधाची बाटली मी फडक्यात बांधून दवाखान्यात नेली. कोणी ती हातातही घेतली नाही. रक्त तपासा म्हटलं, तर इथं सोय नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं वर बोट केलं, ‘आता त्याच्या हातात.’ ती गेल्यावर कागदावर लिहिलं, हृदय बंद पडलं. हृदय तर मरणाऱ्या प्रत्येकाचंच बंद पडतं.

प्रेसमध्ये बाकावर अश्वजित सर बसले होते. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. रविवारच्या भाषणाची पत्रकं न्यायला आले होते. पत्रकावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘देव आहे का? विज्ञान काय सांगते?’

"पंजाबराव, बरोबर बोलले तुमी," सर म्हणाले. "आमच्या बौद्धांच्या पत्रिकेत देवाज्ञा नसतेच. दुःखद निधन लिवा."

"निधन म्हंजे मेली. कायनं मेली, ते कुठं आलं त्यात?"

मी पत्रक उचललं.

"सर, देव नाई हे विज्ञानानं तपासून पाह्यलं काय?"

सर खोटं बोलणारा माणूस नाही. "नाई," ते म्हणाले. "देवाच्या नावानं कोनी रोग बरा करतो म्हनलं, तं ते तपासता येते. पन जे तपासताच येत नाई, त्याच्याबद्दल विज्ञान हो बी म्हनत नाई आन् नाई बी म्हनत नाई."

"आन् रक्त?"

"रक्त तपासता येते."

"मंग काहून नाई तपासलं?" माझा आवाज इतका चढला की रस्त्यावरचे दोघं आत डोकावले. "जे तपासता येते तिथं तुमचे शिकलेले डॉक्टर देवाकडे बोट करते. आन् जे तपासता येत नाई त्याच्यावर तुमी मंडप टाकून भाषन देता! माह्या बायकोच्या रक्ताचं भाषन कोन देईन?"

मी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "तारिक, हिच्यावरचं नाव छाप."

तारिक खुर्चीसकट मागे सरकला. "चाचा, केस होईन माह्यावर."

"पंजाबराव, याच औषधानं गेली हे तपासल्याबिगर लिवू नका," सर हळूच म्हणाले. "अंदाज म्हंजे पुरावा नाई."

"वा! देवाचं नाव लिवाले कोनाले पुरावा लागत नाई, आन् बाटलीचं लिवाले मले लागते?"

हंसाबाई रडायला लागली. "जवाईबापू, देवाचंच नाव काढता. मंग माही बहीन गेली कुठं?"

"कुठं गेली ते मले ठाऊक नाई, बाई. सरलेबी नाई. कशी गेली ते मी पाह्यलं. तेवढंच लिवा."

आणि मी सांगितलं, तारिकनं टाइप केलं. ‘कौसल्या फवारणीचं औषध हातानं कालवत होती. मी तिला थांबवलं नाही. त्याच दिवशी ती आजारी पडली आणि तिसऱ्या दिवशी मरण पावली. दवाखान्यात तिचं रक्त तपासलं नाही.’

"यातलं काहीच खोटं नाई," सर म्हणाले.

हंसाबाईनं पदरानं डोळे पुसले. "खाली एक ओळ माही टाका. देवानं तिले आपल्याजवळ ठेवावं."

तारिकनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. जवळ ठेवावं म्हणते, नेलं म्हणत नाही. ती ओळ राहू दिली.

पत्रिका निघाल्यावर सरांनी हात पुढे केला. "वीस मले द्या. रविवारी वाटतो."

"वाटू नका," मी म्हणालो आणि एकच दिली. "मंडपात सगळ्यांसमोर वाचा. पयले हे वाचा, मंग देवाचं काय ते बोला."