मिस्त्रींच्या घरचा मधला स्पीकर

मी एक स्पीकर बोलतोय. तसा बोलणं हाच माझा धंदा आहे, पण आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. सिनेमातल्या नायकाचं, बातम्या देणाऱ्या बाईचं, साबण विकणाऱ्या माणसाचं. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

आम्ही तिघं भावंडं एकाच खोक्यातून आलो. एक टीव्हीच्या डाव्या हाताला उभा राहणारा, एक उजव्या हाताला आणि मी मधला, आडवा. ते दोघं गाणी वाजवतात, गाड्या पळवतात, ढग गडगडवतात. माणसांचं बोलणं मात्र माझ्याकडे. माझ्या पोटात दोन मोठ्या चकत्या आहेत आणि त्यांच्या मधोमध नखाएवढी एक टिकली. तिला ट्वीटर म्हणतात. बारीक, धारदार आवाज तिचे. ती नसेल तर 'स' आणि 'श' कुठल्या कुठे जातात आणि माणूस तोंडात घास धरून बोलल्यासारखा वाटतो. भावंडांचा रुबाब मोठा, पण मी गप्प बसलो तर सिनेमा मुका होतो. एवढा गर्व मला आहे, तो मी लपवत नाही.

दुकानात आम्ही बरेच दिवस धूळ खात होतो. आमच्या शेजारी पाच स्पीकरांचा एक संच होता, निळे दिवे लुकलुकणारा, सोबत दणदणाट करणारा उशीएवढा डबा. किंमत आमच्याएवढीच. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे जायचा. आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

एका दुपारी तिघं जण आले. पुढे मिस्त्री. गाड्या दुरुस्त करणारे, नखांत काळं तेल कायमचं बसलेलं. मागे त्यांची बायको, जिला मी घरातल्यासारखं आईच म्हणतो. आणि त्यांची लेक. ती दिवसभर कानाला हेडफोन लावून एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते, त्यामुळे कुणाचा आवाज कुठे फाटतो ते तिला बरोबर कळतं.

"टीव्हीला जोडायचेत," लेक विक्रेत्याला म्हणाली. "बजेट बेताचंच आहे. बाबांना बोललेलं नीट ऐकू यायला हवं, बाकी काही नको."

"आजकालच्या चपट्या टीव्हीत आवाजच नसतो हो," मिस्त्री म्हणाले. "सगळे पुटपुटतात. आवाज वाढवावा तर वरचा शेजारी खाली येतो भांडायला."

विक्रेत्याने निळ्या दिव्यांचा संच सुरू केला. दुकानाच्या काचा थरथरल्या. मिस्त्रींनी त्या दणदणाटी डब्यावर पंजा ठेवला, डोळे मिटले आणि खूश झाले.

"ह्याला म्हणतात आवाज! हाच घेऊ."

"बाबा, एवढ्या पैशांत पाच स्पीकर म्हणजे पाचही रडके असणार. त्यापेक्षा तीनच घेऊ, पण चांगले. उद्या पैसे साठले की तो डबा जोडता येईल."

"मला शिकवू नकोस. आवाज मला कळतो."

हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बोनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. लोक लांबून गाडी घेऊन यायचे. मिस्त्रींनी कान लावला आणि 'काही नाही' म्हटलं की गिऱ्हाईक निर्धास्त व्हायचं. त्यामुळे घरात टीव्ही मोठमोठ्याने लावावा लागू लागला, तेव्हा सगळ्यांनी टीव्हीलाच नावं ठेवली. मिस्त्रींच्या कानांची शंका कुणाच्या डोक्यातच आली नाही. ज्या घराचं पोट त्या कानांवर भरलं, तिथे ती येणार तरी कशी?

शेवटी आईने वाद मिटवला. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "गाणी नकोत. दोन्हींवर बातम्या लावा बघू." दोन्हीकडच्या बातम्या ऐकून तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याच्यातली बाई काय बोलतेय ते कळतंय. त्याच्यातली विहिरीत पडल्यासारखी वाटते."

"ह्यात जीव नाही," मिस्त्री कुरकुरले, पण आईपुढे त्यांचं काही चालत नाही. अशी आमची निवड झाली. आणि मी छातीठोकपणे सांगतो, त्या पैशांत त्याहून चांगली निवड कुणी करूच शकलं नसतं.

घरी पहिल्याच संध्याकाळी मिस्त्रींनी रिमोट हातात घेतला आणि माझा आवाज वाढवत नेला, वाढवत नेला, एवढा की वरच्या शेजाऱ्याने काठीने जमीन ठोकली. तरी मिस्त्री पुढे वाकूनच बसलेले.

"काय म्हणाला तो?" दर दोन वाक्यांनी ते विचारायचे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माझ्या परीने जीव तोडून बोलत होतो. एकेक अक्षर घासून पुसून त्यांच्यापर्यंत पोचवत होतो. आणि ते म्हणायचे, "हा मधला काही खरा नाही."

लेकीने खूप खटपट केली. आधी मी टीव्हीखालच्या कप्प्यात खोल होतो, तिने मला पुढे काठाशी ओढलं. माझ्याखाली रबराचा तुकडा सरकवून माझं तोंड सोफ्याच्या दिशेला वर केलं. तारांची टोकं पुन्हा सोलून घट्ट बसवली. एका सुट्टीच्या सकाळी तिने फोन जोडला आणि म्हणाली, "बाबा, आता मी एक आवाज लावते, खालून वर चढत जाणारा. कुठे अडकतो ते बघू."

आवाज चढू लागला. मोठ्या चकत्यांनी आपलं काम केलं आणि मग सूत्रं माझ्या टिकलीकडे आली. ती सुईसारखी वाजू लागली. आईने कानांवर हात ठेवले.

"अगं बंद कर ते! दात शिवशिवले माझे."

मिस्त्री सोफ्यावर शांत बसून होते. "लाव ना," ते म्हणाले. "किती वेळ वाट बघायला लावतेस?"

मी वाजतच होतो.

लेकीने आईकडे पाहिलं. आईने हळूच हात खाली घेतले. मग ती जे बोलली ते मला अजून सलतं. ती म्हणाली, "लागलं नाही वाटतं. बिघडलाच असेल तो मधला."

मला राग आला, पण आईवर धरून ठेवता आला नाही. नवरा लेकीसमोर उघडा पडू नये म्हणून तिने माझ्यावर आळ घेतला, आणि मला काय, तोंड होतं पण जबाब देता येत नव्हता. मी फक्त तारेतून येईल तेच बोलू शकतो.

"बाबा," लेक जपून म्हणाली, "एकदा कान दाखवून येऊ या का?"

मिस्त्री ताडकन उठले. "ह्या कानांवर हे घर उभं राहिलंय. कुणाला दाखवायचे? तो खोका बिघडलाय. मी बघतो त्याचं." आणि त्यांनी माझ्या तारा उपटल्या, मला काखोटीला मारलं नि गॅरेजमध्ये आणलं.

इथे त्यांनी मला बाकावर आडवं केलं आणि माझे स्क्रू काढले. हात मात्र काय हलका! मीटर लावला, सगळं ठीक. गाडीतला जुना टेप जोडून गाणं लावलं आणि टिकलीच्या जवळ कान आणला. आधी उजवा. मग डावा. मग त्यांनी बोटाचं टोक टिकलीवर अलगद टेकवलं. ती थरथरत होती. ते त्यांच्या बोटाला कळलं. कानाला कळलं नाही.

मिस्त्रींनी बोट काढलं नाही. माझ्याकडे बघत होते, पण मला वाटत नाही त्यांना मी दिसत होतो. मग त्यांनी मला पुन्हा बंद केलं, ऑइलच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवलं आणि आईला फोन लावला.

"अगं, त्याची ती बारीक आवाजाची टिकली जळलीय. मिळणं कठीण आहे."

धडधडीत खोटं. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथे सांगण्यासारखं नाही.

फळीवरून मला सगळं गॅरेज दिसतं. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मिस्त्रींनी आपली एक पद्धतच बसवली आहे. गाडी सुरू झाली की ते बोनेटवर पंजा ठेवतात. खोल, जाड धडधड त्यांना हातातून कळते आणि ते अचूक बोलतात. गिऱ्हाईक थक्क होतं. पण गाडीत बारीक आवाजही असतात. ते हाताला लागत नाहीत. त्या वेळी मिस्त्री क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "काही नाही, चालू द्या."

मग एक दिवस एक टॅक्सीवाल्या बाई आल्या. आडदांड, मोठ्याने हसणाऱ्या. त्यांची गाडी दिवसभर टेकडीवरच्या वस्तीतून माणसं खाली आणते, नुसता उतारच उतार.

"मिस्त्री, ब्रेक दाबला की शिट्टी वाजतेय हो. परवापासून. कधी वाजते, कधी नाही."

मिस्त्रींनी गाडी अंगणात फिरवून आणली. दोनदा ब्रेक मारला. दोन्ही वेळा ती शिट्टी माझ्या टिकलीच्याच सुरात वाजली. ब्रेकचे पॅड संपत आले की त्यातली एक पत्री मुद्दाम अशी घासते, माणसाने जागं व्हावं म्हणून. बाई त्या वेळी आत पाणी पीत होत्या. मी फळीवरून ऐकत होतो आणि माझी तार कुणीतरी कशालातरी जोडावी म्हणून तडफडत होतो.

"आवाज नाही काही," मिस्त्री खिडकीतून म्हणाले. "धूळ बसली असेल, गेली. बिनधास्त न्या."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालंच," बाई म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

एवढ्यात लेक आली. माझ्यासाठीच आली होती. "बाबा, ह्याची वॉरंटी आहे. मी दुकानात नेऊन तपासून आणते."

"राहू दे. जळलाय म्हटलं ना?"

"जळलाय तर बदलून देतील की."

मिस्त्री फडकं उचलून हात पुसू लागले. माझ्याकडे बघायचंही ते टाळत होते. तेवढ्यात बाईंची टॅक्सी फाटकापाशी पोचली. रस्त्यावरून कुणी सायकलवाला आडवा गेला म्हणून बाईंनी ब्रेक दाबला आणि ती शिट्टी अख्ख्या अंगणात वाजली.

लेक गर्रकन वळली. "बाबा, ब्रेक ओरडतोय!"

"काय?"

"ब्रेक, बाबा. केवढ्याने ओरडला!"

बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आला ना तुम्हाला? मलाही आला. पण मिस्त्री नाही म्हणाले, मला वाटलं माझेच कान वाजतात."

मिस्त्री हातातलं फडकं पिळत उभे होते. म्हणायला काय, खडा अडकलाय म्हणता आलं असतं. नवे पॅड सुरुवातीला वाजतात म्हणता आलं असतं. बाईंनी मान डोलावली असती आणि गाडी उताराला लागली असती. मला धाकधूक लागली, कारण खोटं बोलताना ह्या माणसाची जीभ अडखळत नाही हे मी स्वतःवरून जाणत होतो.

"चावी द्या," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी स्वतः जॅक लावून चाक उतरवलं. पॅड उरलाच नव्हता. लोखंडावर लोखंड घासत होतं. ते तिथेच जमिनीवर बसले.

"बाई," ते म्हणाले, "हा आवाज मला आला नाही. आजच नव्हे, असे आवाज मला बरेच दिवस येत नाहीत. माझ्या भरवशावर उताराला लागला असतात तर खालपर्यंत पोचलाच नसतात." मग मान न उचलता लेकीला म्हणाले, "आणि तो फळीवरचा चांगला आहे. दुकानात नेऊ नकोस. त्याला काही झालेलं नाही."

टॅक्सीवाल्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मागे माझ्या बहिणीच्या गाडीला तुम्ही काही नाही म्हणाला होतात, तेव्हा?"

मिस्त्रींनी गिऱ्हाइकांची वही काढली. दुपारभर ते फोन लावत बसले. "गाडी एकदा पुन्हा आणा. नाही, पैसे नकोत. माझ्याकडून बघायचं राहिलंय." काहींनी आभार मानले. एकाने एवढा आरडाओरडा केला की तो मिस्त्रींनाही स्वच्छ ऐकू आला. एका गिऱ्हाइकाचा फोन काही केल्या लागला नाही. त्याला ते अजून लावतात, रोज लावतात, आणि घंटी संपेपर्यंत फोन कानावर धरून ठेवतात. त्या गाडीचं काय झालं ते इथे कुणालाच माहीत नाही.

आता गॅरेजमध्ये गाड्या कमी येतात. बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! आलेल्या गिऱ्हाइकाला मिस्त्री म्हणतात, "तुम्ही ऐका आणि मला सांगा कसा आवाज येतोय." काहींना हे पटतं, काही गाडी वळवून निघून जातात. त्यांच्या पाठीकडे मिस्त्री बघत राहतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. माझ्यावरचा आळ उतरला, पण त्याचा आनंद काही मला करता आला नाही.

आज सकाळी लेक पुन्हा आली. मला फळीवरून उचललं, माझ्यावरची धूळ पुसली. "बाबा, ह्याला घरी नेऊ या?"

"आधी कान दाखवू. मग त्याचं बघू."

"कधी दाखवायचे?"

"आत्ताच चल. उद्यावर टाकलं तर मी यायचा नाही."

लेकीने मला परत ठेवलं. मिस्त्रींनी हात धुतले, शटर अर्धं ओढलं, थांबले. मला वाटलं, झालं, आता काहीतरी काम आठवेल. पण त्यांनी शटर खालपर्यंत ओढलं आणि बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला.

तेव्हापासून मी अंधारात बसून आहे. तुम्ही कधी स्पीकर घ्यायला निघालात, बजेट कितीही बेताचं असो, तर ज्याच्यासाठी घेताय त्याला आधी हळू आवाजात एक हाक मारून बघा, एवढं माझं ऐका. बाकी मला घाई नाही. घरी न्यायला उशीर झाला तरी चालेल, माझ्या तारा जोडायला तर आणखी झाला तरी चालेल. दवाखान्याचा रस्ता इथून थोडा लांब आहे म्हणतात. मिस्त्री अर्ध्यातून परत फिरू नयेत, एवढंच मला वाटतंय.