अर्ध्या तिकिटाची नवरी

भाईदास पाटलांना रेल्वेचं भाडं मान्य नव्हतं. नंदुरबारच्या तिकीटखिडकीत बाबूने सांगितलं की भाडं मैलांवर ठरतं, तेव्हा त्यांनी विचारलं, रूळ एवढी वळणं घेतात ती कोणाच्या सोयीने? कावळा अमळनेरला सरळ जातो. आमच्याकडून कावळ्याचे मैल धरा. मागे रांग खोळंबली. तापीकाठी केळी उभी, कापूस सरकी काढायला जिनात पोचलेला, आणि हा माणूस पै-पैसाठी जाळीला नाक लावून उभा. सरलाबाईंना नवऱ्याची आताशा लाज वाटत नसे. लाज वाटायला थोडी माया लागते. त्यांना नुसती किळस येई.

कावळ्याचे मैल मिळेनात, म्हणून भाईदासांनी लेकीचं वय उतरवलं. बाराच्या आत अर्धं तिकीट. कमलला जुना आखूड परकर नेसवून अंग चोरून बसायची ताकीद दिली. चालले होते तिच्याच साखरपुड्याला. चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न लावील त्याला नव्या कायद्याने कैद होती, म्हणून अमळनेरच्या सोयऱ्यांना मुलगी चौदाची सांगितलेली. पोरीला खरी बारा नुकतीच सरली होती. हे लग्न नको, असं सरलाबाई दिवाळीपासून सांगत होत्या आणि भाईदास ऐकत होते, म्हणजे तंबाखू मळत होते.

होणारे व्याही रूपचंद कामासाठी दोंडाईच्याला आले होते; अमळनेरला परतताना ते नेमके त्याच डब्यात चढले. रामराम होतो न होतो तोच तिकीट तपासनीस आला आणि कमलपुढे थांबून त्याने वय विचारलं.

भाईदासांनी एकदा तपासनीसाकडे पाहिलं, एकदा व्याह्यांकडे. एका पारड्यात सोयरीक, दुसऱ्यात निम्मं भाडं. काटा फार वेळ हलला नाही.

"अकरा," ते म्हणाले.

मोडली सोयरीक, म्हणून सरलाबाईंनी मोकळा श्वास घेतला. पण रूपचंदांनी मांडीवर थाप मारली आणि होणाऱ्या व्याह्यांकडे वाकून ते हळूच म्हणाले, "याही, तुमना हिशोब पक्का शे. सरकारले चौदा, गाडीले अकरा. आमले आसंच घर पाहिजे व्हतं."

मग त्यांनी खिडकीबाहेर पिंक टाकली. वाऱ्याने ती निम्मी आत आणली, कमलच्या परकरावर. रूपचंदांनी पाहिलं आणि पान पुन्हा चघळायला घेतलं.

सरलाबाई उठून उभ्या राहिल्या.

"दादा, तिले बारा सरी ग्यात. पुरं तिकीट फाडा." आणि रूपचंदांकडे बोट दाखवून, आवाज चढवून, "आज तिना साखरपुडा शे. हाऊ तिना सासरा."

खादीची टोपी घातलेल्या एका प्रवाशाने पोलिसांत कळवतो म्हणून रूपचंदांना त्यांचं नाव-गाव विचारलं. रूपचंद म्हणाले, मी या लोकांना ओळखत नाही. तिकीट अमळनेरचं असूनही ते शिंदखेड्यालाच उतरले आणि गाडी हलली तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

भाईदास मागे पडणाऱ्या फलाटाकडे पाहत राहिले. सोयरीक तुटल्याचं मनाला लागलं असावं, असं क्षणभर सरलाबाईंनासुद्धा वाटलं. शेवटी घसा खाकरून ते पुऱ्या भाड्यासाठी थांबलेल्या तपासनीसाला म्हणाले, "साहेब, तो माणूस शिंदखेड्याले उतरना. त्याना उरेल मैल मन्ही पोरना तिकिटात धरता येतीन का?"