मुसके सुटलेला मॅक्रो

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर माझ्याकडून राहून गेले होते. पत्र येरमटोल्याच्या शाळेचे होते. तिथल्या रीता मॅडमनी लिहिले होते, ‘मुलांची सगळी पुस्तके वाचून झाली. नवी पेटी पाठवा. जीप बाजाराच्या दिवशीच गावात येते, म्हणून धानोऱ्याच्या बाजारी पाठवा.’ उत्तर छापणे हे तर माझे कामच. तरी ते छापले गेले नाही. का, ते सांगायला मी आज इतका उतावीळ झालो आहे की, कुठून सुरुवात करू तेच कळत नाही.

मी चंद्रपुरातल्या एका छोट्या वाचनालयाचा जुना मॅक्रो. मॅक्रो म्हणजे स्प्रेडशीटला, संगणकावरच्या चौकटींच्या तक्त्याला, एकदा शिकवून ठेवलेले काम. बटण दाबले की मी सुटलोच! मला हात नाहीत, तोंड नाही. काही ओळी, एवढाच माझा देह. अशाने आपले आत्मवृत्त सांगावे का, ही शंका मनात आहेच. पण आज राहवत नाही.

मला ग्रंथपाल रामाजींनी घडवले. एक ओळ लिहायची, चष्मा पुसायचा आणि मलाच विचारायचे, “चुकलं तं नाई ना रे?” त्यांचा हा स्वभाव माझ्यातही उतरला. जे समजत नाही तिथे मी थांबतो आणि तसे सांगतो.

जंगलातल्या शाळांची पत्रे आमच्याकडे येत. लिपिक हेमराजभाऊ प्रत्येक पत्रातले गाव, हवी ती पुस्तके आणि पेटी पाठवायची तारीख तक्त्यात भरत. मी एकेक ओळ वाचून उत्तर छापी आणि कोणत्या गावाची किती मागणी आली तेही मोजून ठेवी. हेमराजभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत, “पाहा, कसं धावते ते!” ते दिवस फार सुखाचे होते.

मग रामाजी निवृत्त होऊन मुलचेऱ्याकडे लेकीच्या गावी गेले. त्यानंतर एकदा तारखेच्या चौकटीत मला तारीखच सापडली नाही. मी थांबलो आणि पडद्यावर सूचना दिली, ‘टाइप मिसमॅच’. म्हणजे हवे होते एक आणि मिळाले भलतेच. हेमराजभाऊ दचकले. “बिगडलं का जी हे?” त्यांनी कोणा ओळखीच्याला फोन लावला आणि त्याने सांगितलेली एक ओळ माझ्या माथ्यावर लिहिली, ‘चूक आली तरी थांबू नको, पुढे चल.’

सूचना येणे बंद झाले. सारे खूश झाले. पण त्या दिवसापासून जी ओळ समजणार नाही ती मी मुकाट्याने सोडून देऊ लागलो. तिचे उत्तर नाही, तिची मोजणीही नाही. येरमटोल्याची ओळ अशीच गळाली.

वाचनालयाच्या अध्यक्ष केसरबाई एके सकाळी यादी घेऊन आल्या. “येरमटोल्याची मागणी शून्य. मागतच नाई कोणी, तं पेटी काऊन पाठवाची? आजच्या सभेत नाव कापून टाकू.”

नव्या ग्रंथपाल हर्षा तेव्हा येरमटोल्याहून आलेली जुनी पेटी उघडत होत्या. “बाई, हे पाहा. पानापानात खुणेले मोहाची पानं आहेत. इतकं वाचणारी पोरं मागत नाईत?”

“कागद तं तेच सांगते.”

“कागदाले कोण सांगते? हा मॅक्रो. त्यालेच विचारून पाहू द्या. सभेपर्यंत थांबा.”

मित्रांनो, किती काळाने मला कोणी उघडले! माथ्यावरची ओळ पाहून हर्षा हसू लागल्या. “हेमराजभाऊ, मळणीच्या बैलाले बांधतात तसं मुसकं बांधलं तुमी याले!” त्यांनी त्या ओळीपुढे एक बारीकशी खूण केली. ओळ हिरवी झाली, म्हणजे तिचा हुकूम संपला. बटण दाबताच मी सारा जोर लावून ओरडलो, ‘टाइप मिसमॅच!’

“पाहा, पुन्हा बिगडलं!” हेमराजभाऊ म्हणाले.

“बिगडलं नाई, बोलून राह्यलं.”

मग त्या मला एकेक पाऊल चालवू लागल्या. जिथे मी असेन ती ओळ पिवळी होई. एक गाव झाले, दुसरे झाले, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. येरमटोला! मी अडलो. हर्षांनी चौकटीत पाहिले. तारखेच्या जागी लिहिले होते, ‘धानोऱ्याच्या बाजारी’.

“हे कोणी लिहिलं?”

“मीच,” हेमराजभाऊ कान खाजवत म्हणाले. “पत्रात होतं तसं लिवलं. आमच्याकडं तारीख कोण पाहते जी? बाजार म्हटलं की सर्वायले समजते.”

“सर्वायले समजते, याले नाई. याले कोणी शिकवलंच नाई ना.”

आणि त्यांनी मला शिकवले! कोणता बाजार कोणत्या वारी भरतो त्याचा छोटा तक्ता करून दिला. आता बाजाराचे नाव दिसले की मी वार पाहतो आणि पुढची तारीख काढतो. तेही जमले नाही तर कोणत्या ओळीवर अडलो ते स्पष्ट सांगतो.

पुन्हा बटण दाबले. मी न अडखळता शेवटपर्यंत धावलो! प्रिंटर घरघरला आणि येरमटोल्याचे उत्तर बाहेर आले. पाठोपाठ नवी यादी आली. शून्य गेले होते.

केसरबाईंनी यादी वाचली आणि जुनी फाडून टाकली. “नाव राहू द्या. पेटी भरा, अन् मोठी भरा. अन् हेमराज, मुसकं बांधाचंच असन तं आपल्या तोंडाले बांधत जा!”

हेमराजभाऊच सगळ्यांत मोठ्याने हसले.

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्यासारख्या एखाद्याला कामाला लावाल. तो मध्येच अडला, तर चिडू नका आणि त्याचे तोंडही बांधू नका. तो काय सांगतो ते वाचा, कुठे थांबला ते पाहा. थांबणारा नेहमीच बिघडलेला नसतो.

मला खिडकीबाहेरचे दिसत नाही. पाकिटावर तिकीट चिकटवून हेमराजभाऊ तडक बाहेर पडले, एवढेच ऐकले. थोड्या वेळाने ते धापा टाकत परत आले आणि चक्क माझ्याकडे तोंड करून म्हणाले, “टाकलं रे बाबा, पोस्टात टाकलं!”