टिकटिकणारी डबी

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. विकायच्या सोफ्यांवर, खोक्यांवर माणसं दाटली होती आणि सगळ्यांचा जीव एका डबीत अडकला होता. ती अंगातली किरणं ओळखते असं सांगणाऱ्या टिकटिकबाबाने ती माझ्या ताईच्या छातीजवळ नेली. टिक-टिक-टिक!

"ऐकलंत? दवाखान्याने हिच्या अंगात निखारा पेरलाय! डॉक्टर पगारी असतो, माझी डबी पगारी नाही!"

ताईच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढून झाली होती. त्या जागी बारीक नळ्या बसवल्या होत्या. दवाखान्यात त्यांतून किरणं देणारा कण आत जाई, काही मिनिटं थांबे आणि परत यंत्रात येई. घरी येताना ताईच्या अंगात असत त्या नुसत्या रिकाम्या नळ्या. पण भाऊजींनी तान्ह्या लेकीला तिच्याजवळ जाऊच दिलं नाही. "पोरीला किरणं लागतील!" डॉक्टरांना विचारायची लाज वाटली त्यांना. गोदामात यायची नाही वाटली.

मी दारातून ओरडलो, "नळ्यांना हात लावू नका!"

"गप रे! मोठा आलाय शहाणा!" दोघांनी मला आवळून धरलं.

बाबाने नळ्या उपसल्या. ताई किंचाळली. डबी गप्प. टाळ्यांचा कडकडाट.

गप्प का, ते मला दिसलं. एका हातात डबी होती, खड्याच्या अंगठीचा दुसरा हात त्याने पाठीमागे नेला होता. मी हिसडा देऊन सुटलो, तो हात धरून डबीजवळ आणला आणि दोन्ही एका सोफ्याला टेकवले. टिक-टिक-टिक!

"का रे, सोफ्यालाही कॅन्सर झालाय?"

मी डबी आपटून फोडली. आत बॅटरी, भोंगा आणि लोहचुंबक जवळ आलं की चालू होणारं बटण. अंगठीतला खडा म्हणजे तेच लोहचुंबक! लोक हसले. हसण्याच्या गडबडीत बाबा मागच्या दाराने पसार झाला. मघाशी टाळ्या पिटणारे हात आता डोळे पुसत होते, हसून हसून.

ताईने विचारलं, "म्हणजे मी तिला घेऊ शकत होते?"

भाऊजींनी तिला दवाखान्यात नेलं.

काही दिवसांनी डॉक्टर म्हणाल्या, "त्याच नळ्या परत नाही घालता येत. जखम चिघळलीय. आधी ती भरू दे, मग किरणांचं बघू."

"आणि तोवर आजार थांबेल?" मी विचारलं. त्यांनी जखमेवर नवी पट्टी बांधली.

आता लेक ताईच्या खोलीत असते. कुणी अडवत नाही. ती आईकडे झेपावते, पण ठणकणाऱ्या छातीशी ताईला तिला धरवत नाही.

बाबांनो, किरणांची भीती वाटते ना? वाटू द्या. पण ती घेऊन डॉक्टरांसमोर बसा. पुन्हा पुन्हा विचारा, डोकं खा त्यांचं. डबी फोडायला मी पोचलो, तरी उशीरच झाला होता.